मात्रा वेगाची

आपल्या संस्थेच्या स्मरणिकेत दरवर्षी मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, संधिवात अशा विषयांवर सभासद लिहीत असतात. लेख कोणत्याही विकारावर असो, त्याच्या अखेरीस एक वाक्य ठरलेले असते : रुग्णाने नियमित व्यायाम करावा. हे वाक्य आपण इतकी वर्षे लिहीत आलो आणि सुदैवाने पुष्कळांनी ते मनावर घेतले. आज पहाटे नेकलेस रोडवर किंवा केबीआर उद्यानाभोवती चक्कर मारली, तर चाळिशी-पन्नाशीची कितीतरी माणसे धावताना दिसतात. त्यांत बँकेतील अधिकारी आहेत, शिक्षिका आहेत, संगणक क्षेत्रातील तरुण आहेत आणि आपले काही व्यवसायबंधूही आहेत. ऑगस्ट महिन्यातील हैदराबाद मॅरेथॉनला तर शहराच्या एखाद्या सणाचे रूप आले आहे.

मी स्वतः पन्नाशीनंतर धावू लागलो आणि काही वर्षे शर्यतींच्या वैद्यकीय तंबूतही सेवा करीत आहे. दोन्ही बाजूंनी हा प्रकार पाहिल्यावर माझे एक मत बनले आहे. दीर्घ पल्ल्याच्या शर्यतीत कोणत्या वेगाने धावावे, हा प्रश्न केवळ खेळाडूचा किंवा प्रशिक्षकाचा आहे असे आपण समजतो. माझ्या मते तो वैद्यकाचाही आहे. धावण्यास अनुमती देणाऱ्या डॉक्टरने वेगाविषयी मौन बाळगणे म्हणजे चिठ्ठीवर औषधाचे नाव लिहून मात्रा न लिहिणे होय.

शर्यतीचे दिवस जवळ आले की आपल्याकडे 'फिटनेस सर्टिफिकेट' मागणारी मंडळी येऊ लागतात. काही ठिकाणी ते आयोजकांना हवे असते, पुष्कळदा घरच्यांना. सोबत आलेली पत्नी म्हणते, "डॉक्टरसाहेब, यांनी पळावं की नाही, एवढंच सांगा." आपण नाडी पाहतो, रक्तदाब मोजतो, ईसीजी काढतो, वय व इतर जोखीम पाहून ट्रेडमिल चाचणी करवितो आणि सर्व ठीक असल्यास सही करतो. यात गैर काही नाही. परंतु ट्रेडमिल चाचणीचे स्वरूप आपण जाणतो. ब्रूस पद्धतीत दर ३ मिनिटांनी वेग आणि चढ वाढत जातो आणि बहुतेकांची चाचणी दहा-बारा मिनिटांत आटोपते, तीही वातानुकूलित खोलीत. अर्धमॅरेथॉन म्हणजे २१.१ किलोमीटर. सर्वसाधारण हौशी धावपटूला तीस दोन ते तीन तास लागतात, आणि आपल्या शहरात ती दमट हवेत, चढउतारांच्या रस्त्यावर होते. दहा मिनिटांच्या चाचणीवरून अडीच तासांची हमी देता येत नाही. 'हा मनुष्य धावू शकतो' या विधानास 'कोणत्या वेगाने, किती वेळ आणि कोणत्या हवेत' याची जोड मिळाली, तरच ते पूर्ण वैद्यकीय विधान ठरते.

काही वर्षांपूर्वी एका शर्यतीत ४७ वर्षांच्या एका गृहस्थांना आमच्या तंबूत आणले गेले. अर्धमॅरेथॉनचे १७ किलोमीटर त्यांनी पूर्ण केले होते. अंग भाजत होते, बोलणे असंबद्ध होते, पाय लटपटत होते. रक्तातील साखर ठीक होती. गुदद्वारातील तापमान ४०.८ अंश सेल्सियस होते. उष्माघाताच्या बाबतीत 'आधी थंड करा, मग हलवा' हा नियम आहे. त्यानुसार त्यांना बर्फाच्या पाण्याच्या टबात ठेवले, तापमान उतरल्यावर रुग्णालयात पाठविले आणि दुसऱ्या दिवशी ते सुखरूप घरी गेले. पुढे ते मला भेटावयास आले, तेव्हा त्यांच्या घड्याळातील नोंद आम्ही दोघांनी मिळून पाहिली. चार महिन्यांच्या सरावात ते किलोमीटरला साडेसहा मिनिटे या वेगाने धावत असत. शर्यतीच्या दिवशी मित्रांच्या घोळक्यात पहिले ५ किलोमीटर त्यांनी किलोमीटरला ५ मिनिटे ३५ सेकंद या वेगाने काढले होते. हृदय निर्दोष होते, सराव पुरेसा होता, खिशातील प्रमाणपत्रही खरे होते. फसला होता तो पहिल्या अर्ध्या तासाचा वेग. त्याविषयी त्यांना कोणीही, कधीही, काहीही सांगितले नव्हते.

या पहिल्या अर्ध्या तासाला एवढे महत्त्व का, हे शरीरक्रियाशास्त्राच्या तीन हिशेबांवरून समजते.

पहिला हिशेब इंधनाचा. धावताना दर किलोमीटरला, शरीराच्या दर किलो वजनामागे सुमारे १ किलोकॅलरी खर्च होते. म्हणजे ७० किलो वजनाच्या व्यक्तीस ४२.१९५ किलोमीटरच्या पूर्ण मॅरेथॉनसाठी जवळजवळ २,९५० किलोकॅलरी लागतील. स्नायू आणि यकृत यांतील ग्लायकोजेनचा साठा मिळून साधारण २,००० किलोकॅलरींच्या आसपास असतो. उरलेली तूट चरबीने भरून काढावयाची असते. चरबीचा साठा मुबलक असला, तरी तिचे ज्वलन सावकाश होते. वेग जितका अधिक, तितका ग्लायकोजेनचा वाटा मोठा आणि चरबीचा लहान. म्हणून पहिल्या तासात उधळपट्टी करणाऱ्याचे भांडवल तिसाव्या किलोमीटरच्या सुमारास संपते. त्या अवस्थेला धावपटू 'भिंत' म्हणतात. तेथून पुढे इच्छाशक्ती कितीही असली, तरी पाय उचलत नाहीत. शिवाय प्रत्येकाच्या वेगाला एक उंबरठा असतो. तो ओलांडला की रक्तातील लॅक्टेट साठू लागते, आणि आरंभीच ओलांडला तर त्याची वसुली शर्यतभर चालू राहते.

दुसरा हिशेब उष्णतेचा. स्नायूंत जळणाऱ्या ऊर्जेपैकी साधारण एकपंचमांश ते एकचतुर्थांश भाग गतीसाठी उपयोगी पडतो, बाकीची उष्णता होते. ताशी १० किलोमीटर वेगाने धावणारी ७० किलोची व्यक्ती तासाला सुमारे ७०० किलोकॅलरी खर्च करते, म्हणजे साडेपाचशेच्या आसपास किलोकॅलरी उष्णता तिला बाहेर टाकावी लागते. एक लिटर घाम पूर्णपणे सुकला, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते; म्हणजे हिशेब जेमतेम जुळतो. परंतु येथे 'सुकला' हा शब्द महत्त्वाचा आहे. ऑगस्टमधील दमट सकाळी घाम अंगावरून ओघळतो, सुकत नाही. आणि ओघळलेला घाम शरीर थंड न करताच पाणी व क्षार घेऊन जातो. अशा हवेत ताशी १० ऐवजी १२ किलोमीटरने धावल्यास उष्णता एकपंचमांशाने वाढते आणि ती जाण्याचा मार्ग मात्र तेवढाच राहतो. उष्माघात केवळ उन्हाने होतो, असे लोकांस वाटते. शर्यतीतील उष्माघातामागे पुष्कळदा उन्हापेक्षा वेगाचा हात मोठा असतो.

तिसरा हिशेब हृदयाचा. घामामुळे प्लाझ्माचे आकारमान घटते आणि त्वचेकडे रक्त अधिक वळते, त्यामुळे प्रत्येक ठोक्यागणिक बाहेर पडणारे रक्त कमी होते. तीच गती राखण्यासाठी हृदयाला अधिक वेळा आकुंचन पावावे लागते. समवेगाने धावणाऱ्याचाही नाडीचा दर तासाभरानंतर चढत जातो, हे आपण सर्व शिकलो आहोत. म्हणजे जो पहिल्या टप्प्यातच नाडीच्या कमाल मर्यादेशी जाऊन पोहोचला, त्याच्यापाशी नंतरच्या वाढीसाठी जागाच उरत नाही.

शर्यतीतील धोक्याचे चित्र अतिरंजित करण्याची माझी इच्छा नाही. अमेरिकेतील मॅरेथॉन व अर्धमॅरेथॉन शर्यतींचा २००० ते २०१० या काळातील आढावा २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे १ कोटी ९ लाख सहभागींपैकी ५९ जणांचे हृदय शर्यतीत बंद पडले आणि त्यांपैकी ४२ जण दगावले, असे दिसले. हे प्रमाण अत्यल्प आहे आणि बैठ्या जीवनाने होणारी हानी त्याहून कितीतरी मोठी आहे. माझा आग्रह मृत्यूच्या भीतीवर आधारलेला नाही. प्रत्येक दुर्घटनेमागे उष्म्याने, पेटक्यांनी, उलट्यांनी बेजार होऊन तंबूत येणारी किंवा शेवटचे ५ किलोमीटर लंगडत पूर्ण करणारी अनेक माणसे असतात. त्यांतील काही जण पुन्हा बुटांच्या नाड्या बांधत नाहीत. त्यांचा मधुमेह, त्यांचा रक्तदाब पुन्हा पूर्वपदावर येतो, आणि आपण मोठ्या कष्टाने लिहून दिलेला व्यायाम कायमचा सुटतो. वैद्यक म्हणून मला ही हानी अधिक मोठी वाटते.

वेगाच्या नियोजनाचा सर्वांत मोठा धडा ७ ऑगस्ट १९५४ रोजी कॅनडातील व्हँकूव्हर शहरात, एकाच मैदानावर, एकाच दिवशी दोन प्रकारे मिळाला. राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांचा तो दिवस. एक मैलाच्या शर्यतीत ऑस्ट्रेलियाचा जॉन लँडी आणि इंग्लंडचा रॉजर बॅनिस्टर समोरासमोर होते. मैल चार मिनिटांच्या आत धावलेले त्या वेळी जगात हे दोघेच होते. लँडीने आरंभापासून आघाडी घेऊन मोठे अंतर पाडले. बॅनिस्टरने आपली शक्ती अधिक समतोलपणे वाटली, अंतर हळूहळू कमी केले आणि अखेरच्या वळणावर त्याला मागे टाकले : ३ मिनिटे ५८.८ सेकंद विरुद्ध ३ मिनिटे ५९.६ सेकंद. त्यानंतर थोड्याच वेळाने मॅरेथॉनमधील आघाडीचा धावपटू, इंग्लंडचाच जिम पीटर्स, त्याच मैदानात शिरला. त्या वेळी जगातील सर्वोत्तम मॅरेथॉन वेळ त्याच्या नावावर होती, आणि त्या दिवशी मागच्या धावपटूपेक्षा तो सुमारे १७ मिनिटे पुढे होता. इतकी आघाडी असताना, तापलेल्या दिवसात, त्याने वेग आवरला नव्हता. मैदानातील सुमारे २०० मीटर अंतर जाण्यास त्याला ११ मिनिटे लागली. तो पडला, उठला, पुन्हा पडला. अंतिम रेषेपर्यंत तो पोहोचलाच नाही. त्याला स्ट्रेचरवरून नेण्यात आले आणि त्यानंतर तो कोणत्याही शर्यतीत उतरला नाही. स्कॉटलंडचा ज्यो मॅक्गी आपल्या चालीने आला आणि सुवर्णपदक घेऊन गेला.

बॅनिस्टर हा आपल्याच व्यवसायातला. पुढे तो नामांकित मज्जाविकारतज्ज्ञ झाला. स्वायत्त मज्जासंस्थेच्या विकारांवरील त्याचा ग्रंथ आपल्यापैकी काहींनी चाळलाही असेल. त्याच वर्षी ६ मे रोजी ऑक्सफर्डला त्याने चार मिनिटांची मर्यादा प्रथम ओलांडली, तेव्हा तो लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात वैद्यकीय शिक्षण घेत होता. त्या शर्यतीतील एक प्रसंग मला फार उद्बोधक वाटतो. पहिल्या फेरीत ख्रिस ब्रॅशर हा मित्र त्याच्यापुढे धावून वेग ठरवीत होता. बॅनिस्टरच्या अंगात त्या वेळी इतका उत्साह होता की, वेग कमी पडतो आहे असे वाटून तो मागून 'आणखी जोरात' असे ओरडला. ब्रॅशरने त्याचे ऐकले नाही. तो ठरलेल्या चालीनेच धावत राहिला. ती फेरी प्रत्यक्षात सुमारे साडेसत्तावन्न सेकंदांत पूर्ण झाली होती, म्हणजे वेग मुळीच कमी नव्हता. जगातील पहिल्या प्रतीचा, शरीरशास्त्र जाणणारा धावपटूदेखील पहिल्या मिनिटात स्वतःच्या शरीराचा अंदाज चुकीचा घेऊ शकतो, हे यावरून ध्यानी यावे. आरंभी वाटणारी सहजता हा वेग योग्य असल्याचा पुरावा नसतो.

आजच्या श्रेष्ठ मॅरेथॉनपटूंनी हे सूत्र पुरते आत्मसात केले आहे. २००३ साली लंडन येथे पॉला रॅडक्लिफने २ तास १५ मिनिटे २५ सेकंदांचा विक्रम केला, तेव्हा तिचा पूर्वार्ध ६८ मिनिटे २ सेकंदांचा आणि उत्तरार्ध ६७ मिनिटे २३ सेकंदांचा होता. २०१८ साली बर्लिनमध्ये एलियुड किपचोगेने २:०१:३९ वेळ नोंदविली, तेव्हा दोन अर्धे अनुक्रमे ६१:०६ आणि ६०:३३ असे होते. २०२३ साली शिकागोत केल्विन किप्टुमने २:००:३५ वेळ देऊन विश्वविक्रम केला, त्यातही उत्तरार्ध पूर्वार्धाहून एका मिनिटाने जलद होता. २०२२ च्या बर्लिन शर्यतीत मात्र किपचोगेने पूर्वार्ध ५९:५१ असा जोरात घेतला आणि उत्तरार्ध ६१:१८ झाला. तरीही दोहोंतील फरक अडीच टक्क्यांहून कमीच होता.

आता हौशी मंडळींकडे पाहू. अमेरिकेतील १४ मॅरेथॉनमधील सुमारे ९२ हजार निकालांचा एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात पुरुष उत्तरार्धात सरासरी सुमारे १६ टक्क्यांनी आणि स्त्रिया सुमारे १२ टक्क्यांनी मंदावल्याचे आढळले. याची कारणे शरीरात जशी आहेत, तशी स्वभावातही असावीत, असे अभ्यासकांचे म्हणणे आहे. पुरुषांना स्वतःच्या सामर्थ्याविषयी वाटणारा विश्वास किती विश्वासार्ह असतो, याविषयी आपल्या भगिनी सभासदांचे मत मी विचारीत नाही! परंतु तंबूतील माझा अनुभव त्या आकडेवारीशी जुळणारा आहे.

माणसे जोरात का सुटतात, हेही समजून घेतले पाहिजे. शर्यतीपूर्वीच्या आठवड्यात सराव कमी केलेला असतो, त्यामुळे पाय ताजे असतात. पहाटेचा गारवा, ढोल-ताशे, ध्वनिक्षेपक, सहकाऱ्यांचा घोळका या सर्वांनी ॲड्रिनलिन उसळते, आणि रोजचा वेग त्या दिवशी संथ भासतो. 'आरंभी वेळ कमावून ठेवू, नंतर ती कामी येईल' हा विचारही असतो. पैशाच्या बाबतीत हे ठीक आहे. शर्यतीत मात्र आरंभी जमा केलेली मिनिटे शेवटी जबर व्याजासह परत करावी लागतात.

दीर्घ पल्ला कसा गाठावा याचे शहाणपण आपल्या मराठी मातीत मुळीच नवे नाही. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे २५० किलोमीटरचे अंतर माउलींची पालखी अठरा-वीस दिवसांत चालते. दिंडीत तरुण असतात आणि सत्तरीच्या आजीही असतात, पण चाल सर्वांची एक. दिवे घाटाच्या दीर्घ टप्प्याआधी पुण्यात आणि तो चढून गेल्यावर सासवडला अधिकचा मुक्काम असतो. पहिल्या दिवशी पुढे पळून कोणी आपला पराक्रम दाखवीत नाही. चालणे आणि धावणे वेगळे खरे, परंतु शक्ती कशी वाटावी याचे गणित दोन्हीकडे एकच आहे.

तर मग मात्रा कशी ठरवावी? रीगल नावाच्या अमेरिकन अभियंत्याचे एक सोपे सूत्र धावपटूंत प्रचलित आहे. त्यानुसार १० किलोमीटर ६० मिनिटांत धावणाऱ्याची अर्धमॅरेथॉन साधारण २ तास १२ मिनिटांत व्हावी, म्हणजे किलोमीटरला सुमारे ६ मिनिटे १७ सेकंद. हा अंदाज पुरेसा सराव आणि अनुकूल हवा गृहीत धरतो. नवख्या माणसाला मी असे सांगतो : पहिले ५ किलोमीटर प्रत्येकी ६ मिनिटे ४० सेकंदांनी, पुढचे १० किलोमीटर प्रत्येकी ६ मिनिटे २५ सेकंदांनी आणि उरलेले अंतर शक्ती असल्यास प्रत्येकी सव्वासहा मिनिटांनी. याची बेरीज २ तास १६ मिनिटांच्या आत येते. म्हणजे सावधपणाची किंमत तीन-साडेतीन मिनिटे. याउलट त्याने पहिले ५ किलोमीटर पावणेसहा मिनिटांच्या वेगाने धावले, तर कमाई होते अडीच-पावणेतीन मिनिटांची. आणि शेवटचे ४ किलोमीटर चालत-थांबत प्रत्येकी ९ मिनिटांनी काढावे लागले, तर नुकसान होते जवळजवळ ११ मिनिटांचे. हा व्यवहार तोट्याचा आहे, हे सांगण्यास अर्थतज्ज्ञ नको.

आपल्या शहरात याला एक पुस्ती जोडावी लागते. हैदराबादची पूर्ण मॅरेथॉन अलीकडच्या वर्षांत हुसेनसागराच्या काठी सुरू होऊन गच्चीबावलीच्या क्रीडासंकुलात संपते. वाटेत उड्डाणपूल आणि चढउतार पुष्कळ, आणि शेवटचा भाग आरंभाहून उंचावर. अशा मार्गावर घड्याळातील वेग समान ठेवण्याचा हट्ट धरणे योग्य नव्हे. श्रम समान ठेवावे. चढावर वेग आपोआप कमी होऊ द्यावा, उतारावर पाय सैल सोडावे. श्रम मोजण्याचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे बोलणे. पूर्वार्धात शेजाऱ्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. वाक्य तुटू लागले की वेग कमी करावा.

'२२० वजा वय' या सूत्रावर विसंबून नाडीच्या आकड्यावर धावणाऱ्यांस मी सावध करतो. त्या सूत्रात व्यक्तिगणिक दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांच्या बाबतीत तर नाडीचा आकडा दिशाभूल करणारा असतो. त्यांनी बोर्गच्या श्रममापनपट्टीवर किंवा बोलण्याच्या कसोटीवर चालावे. मूत्रल औषधे, एसजीएलटी-२ गटातील मधुमेहाच्या गोळ्या, इन्शुलिन, सल्फोनिलयुरिया यांबाबत शर्यतीच्या दिवसाचा सल्ला आपणच द्यावयास हवा. शर्यतीपूर्वी वेदनाशामक गोळी घेण्याची चाल मूत्रपिंडाच्या दृष्टीने घातक आहे, हेही स्पष्ट सांगावे. आणि मात्रा कमी म्हणजे सर्वस्वी निर्धोक, असेही नव्हे. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमधील ४८८ धावपटूंच्या तपासणीत १३ टक्क्यांच्या रक्तातील सोडियम कमी आढळले होते. शर्यतीत वजन वाढलेल्यांत आणि चार तासांहून अधिक वेळ घेणाऱ्यांत हे प्रमाण अधिक होते. सावकाश धावणाऱ्याने प्रत्येक पाणपोईवर ग्लास रिचवलाच पाहिजे असे नाही. तहान लागेल तसे पाणी प्यावे.

माझ्या या मतावर दोन आक्षेप घेतले जातात. एक असा की, डॉक्टर मंडळी लोकांच्या आनंदावर विरजण घालतात. धावणे ही उत्स्फूर्त गोष्ट; तिला मोजमापाचे साखळदंड कशाला? मला उलट दिसते. शेवटच्या ३ किलोमीटरमध्ये पुढच्यांना मागे टाकत, ताठ मानेने रेषा ओलांडणाऱ्याच्या चेहऱ्यावर जो आनंद असतो, तो त्याच अंतरात पोटरी धरून बसलेल्याच्या चेहऱ्यावर मी पाहिलेला नाही. दुसरा आक्षेप असा की, हातातील घड्याळ आता प्रत्येक क्षणाचा वेग दाखविते. डॉक्टरची गरज काय? परंतु घड्याळ दाखविते, ठरवीत नाही. आमच्या तंबूत आलेल्या त्या गृहस्थांच्या मनगटावरही उत्तम घड्याळ होते. मर्यादा आधी ठरलेली नसेल, तर आकडा हा केवळ आकडाच राहतो. रुग्ण आपल्या शब्दाला घड्याळाहून अधिक मान देतो, ही आपली जबाबदारी आहे.

म्हणून आपल्या संस्थेपुढे मी काही साध्या सूचना ठेवीत आहे. प्रमाणपत्रावर सही करताना चार ओळी अधिक लिहाव्या : अलीकडे १० किलोमीटर किती वेळात धावले, पहिल्या ५ किलोमीटरसाठी वेगाची कमाल मर्यादा, चालू औषधांबाबत त्या दिवसाची सूचना, आणि छातीत दुखणे, भोवळ, थंडी वाजणे किंवा गोंधळल्यासारखे होणे यांपैकी काहीही झाल्यास थांबण्याची स्पष्ट आज्ञा. ज्याने गेल्या दोन महिन्यांत १० किलोमीटर एकदाही सलग धावलेले नाही, त्याला अर्धमॅरेथॉनऐवजी १० किलोमीटरच्या शर्यतीचाच सल्ला द्यावा; ना म्हणण्यात संकोच नको. ऑगस्टच्या शर्यतीपूर्वी महिनाभर आधी आपल्या मराठी मंडळींसाठी सल्ल्याचे एक शिबिर घ्यावे. आणि आपल्यातील जे धावतात, त्यांनी निशाण घेऊन वेग राखणाऱ्या पेसरची सेवा पत्करावी, तीही अडीच आणि तीन तासांच्या मागच्या गटांसाठी. पुढच्या गटांना सोबत मिळतेच. मागच्यांना ती अधिक हवी असते. बॅनिस्टरला ब्रॅशर लाभला. आपल्या नवख्या धावपटूला पहिल्या फेरीत त्याचे न ऐकणारा कोणीतरी हवा, आणि ते काम डॉक्टरहून अधिक अधिकाराने कोण करील?

औषधशास्त्राच्या पहिल्या वर्गात आपण शिकलो की, विष आणि औषध यांतील भेद मात्रेचा असतो. धावण्याइतके स्वस्त आणि गुणकारी औषध मला दुसरे ठाऊक नाही. ते लिहून देण्याचे धैर्य आपण दाखविले. आता त्यापुढे मात्रा लिहिण्याची शिस्तही अंगी बाणवू या.